तीन अपघातांची अट

रस्तेखात्याच्या साहेबांनो, तो ब्रेकर तुम्हीच उखडलात. रस्ता गुळगुळीत करायला आलात, वळणावरचा ब्रेकर खरवडून नेलात आणि परत घालायचं विसरलात. आणि नोटीस कोणाला? टेलरबाईंना. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

टेलरबाईंची सासू रोज सकाळी दहाला रस्ता ओलांडून पलीकडे बहिणीकडे जाते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जायचं म्हणजे जायचं. सुनेबद्दलच्या तक्रारी शिळ्या झाल्या की त्यांना चव राहत नाही. ब्रेकर गेल्यावर गाड्या अशा सुसाट येऊ लागल्या, की म्हातारीचा पदर वाऱ्यानं उडून तोंडावर यायचा. टेलरबाईंनी उरलेल्या अस्तराचं लाल निशाण शिवलं आणि गल्लीत पाळ्या लावल्या. दहाला त्या स्वतः, शाळा सुटताना न्हावी, संध्याकाळी नळवाला. पाण्याच्या बादलीवरून एकमेकांच्या उरावर बसणारी गल्ली आठ महिने त्या एका चिंधीमागे उभी राहिली. कोणाला साधं खरचटलं नाही.

तिथंच चुकलं.

ब्रेकर परत घाला, असा अर्ज घेऊन टेलरबाई कचेरीत गेल्या. कारकुनानं तो दोनदा वाचला आणि सांगितलं, की नियमाप्रमाणे वर्षात तीन अपघात लागतात. तुमच्याकडे एकही नाही, म्हणजे ब्रेकरची गरज नाही.

"अहो, आम्ही उभं राहतो म्हणून होत नाहीत," टेलरबाई म्हणाल्या.

"मग राहा की उभं. छान चाललंय तुमचं."

गल्लीची बैठक बसली. तीन अपघात आणायचे कुठून? न्हावी म्हणाला, पाळ्या लागलेल्याच आहेत, फक्त काम बदलू. कोणी हसलं नाही. जो तो मनातल्या मनात शेजाऱ्याचं नाव धरून बसला होता.

"एक माझा धरा," सासूबाई म्हणाल्या. "सुनेची काही हरकत नसेल."

शेवटी सगळ्यांची नजर नळवाल्यावर गेली. तो आठवड्यापूर्वी शिडीवरून पडला होता आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. मोडलाच आहे, तर वाया का घालवा? निदान खातं तरी उघडेल. टेलरबाईंना पटेना. एकदा खोटं लिहिलं की खऱ्यालाही कोणी विचारत नाही, असं त्या परोपरीनं सांगत होत्या. पण म्हातारीला गाडीखाली घालण्यापेक्षा खोटं परवडलं, म्हणून त्यांनी सही केली. नव्या अर्जात लिहिलं, गाडीला दचकून नळवाला वळणावर पडला, साक्षीला सगळी गल्ली.

आठ महिने ज्यांना फुरसत नव्हती, ते कचेरीतले साहेब तिसऱ्या दिवशी चौकशीला हजर. तेही बरोबर दहाला, वळणावरून भरधाव. टेलरबाईंनी निशाण आडवं धरलं म्हणून गाडी थांबली, म्हातारीच्या काठीपासून वीतभर अंतरावर. साहेब घामाघूम होऊन उतरले आणि त्यांनी नळवाल्याला गाठलं.

"हे लाल फडकं अचानक समोर आलं, म्हणून दचकलास ना?"

साहेबलोकांच्या कुठल्याही प्रश्नाला हो म्हणायची नळवाल्याला जन्माची सवय.

"हो साहेब," तो म्हणाला.

नोटीस दुसऱ्याच दिवशी आली. अपघाताचं कारण निशाण. ते जप्त. वळणावर पुन्हा कोणी वाहनांना आडवं आल्यास कारवाई. आणि कारण दूर झाल्यामुळे हा अपघात ब्रेकरसाठी धरता येणार नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सुनेनं नोटीस वाचून दाखवली. सासूबाईंनी ती शांतपणे ऐकली.

"मग उद्यापासून मी एकटी जायचं का?"

टेलरबाईंनी ती नोटीस उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि कारकुनाच्या टेबलावर नेऊन ठेवली. तो सवयीनं शिक्का उचलू लागला, तर त्यांनी कागदावर पंजा ठेवला.

"शिक्का नको. आधी वाचा."

कागदावर लिहिलं होतं: नळवाल्याचं खोटं आमचं, त्याची काय ती शिक्षा करा. पण उद्या दहाला माझी सासू रस्ता ओलांडणार आहे. मी आडवी जायची नाही, निशाण तुमच्या कपाटात. मग गाडी कोण थांबवणार? हुद्दा नको. नाव लिहा.