पडू न देणारे नाफडेकाका

नाफडेकाका भर फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात स्की-बूट घालून पोहे परतायचे. वर बनियन, खाली हाफ पँट, आणि त्याखाली नडगीपर्यंत आवळलेले ते प्लास्टिकचे अवजड बूट. ओट्यापासून फ्रिजपर्यंत गेले की ठाक ठाक आवाज व्हायचा आणि शेजारची मांजर कुंपण ओलांडून पळायची. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायलाही ते तसेच जायचे. दुकानदाराने एकदा विचारलं, "इथे पापाकुऱ्यात कुठे बर्फ पडलाय?"

"डोंगरावर पडेल ना जूनमध्ये," काका म्हणाले. "पायांना सवय नको?"

मी त्यांचा भाडेकरू. जूनमध्ये हिवाळा सुरू होणाऱ्या या उलट्या ऋतूंच्या देशात विद्यार्थी म्हणून आलो, नोकरी लागली आणि काकांच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. काका मूळचे अकोल्याचे, म्हणजे बर्फाशी पहिली ओळख गोळ्याच्या गाडीवर. वय चौपन्न. पेनरोजच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचे. काकू जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी सई टौरंगाला नोकरी करत होती. स्की शिकवण्याचा साधा दाखला काकांकडे होता. त्यांना हवा होता वरच्या पातळीचा.

सरावाला विद्यार्थी लागतो, तो मी झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कुणी शिकवायला तयार असेल तर नाही म्हणू नये, एवढं मंगळवेढ्याच्या शाळेने मला पक्कं शिकवलं आहे. काका मला हॉलमधल्या गालिच्यावर पायजम्यात उभं करायचे आणि ओरडायचे, "गुडघे वाकव! वजन बाहेरच्या पायावर!"

वळताना बाहेरच्या पायावर भार दिला की स्की पकड घेते, एवढाच याचा अर्थ. पण काकांना हे वाक्य कुठेही चालायचं. माझा रेसिडेन्सीचा अर्ज अडकला तेव्हा म्हणाले, "काहून घाबरतो? वजन बाहेरच्या पायावर, नजर पुढे." आमटी खारट झाली तरी तेच. सुपरमार्केटमध्ये ट्रॉली वळवताना ते खरोखर तसे वाकायचे. लोक रस्ता द्यायचे.

स्की मात्र फार सुंदर करायचे. तरी दोनदा नापास. शेरा दोन्ही वेळी एकच, आणि तो कागद त्यांनी फ्रिजवर लावला होता: शिकणाऱ्याला पडू देत नाहीत. दुसऱ्या वेळी तर कहर झाला. परीक्षक बाई नवशिकीचं सोंग घेऊन मुद्दाम पडायला लागल्या. पडलेल्याला आपलं आपण उठायला काका कसं शिकवतात ते त्यांना बघायचं होतं. काकांनी झेप घेतली, जॅकेटच्या टोपीला धरून त्यांना अधांतरी उभं केलं, पाठीवरचा नसलेला बर्फ झटकला आणि खिशातली आलेपाकाची वडी हातावर ठेवली.

"अहो काका, परीक्षक होत्या त्या!"

"पण पडत होत्या ना?"

सई महिन्यातून एका रविवारी जेवायला यायची. ती परत निघाली की टौरंगापर्यंतच्या तीन तासांत काकांचे चार फोन. "कुठे आहेस? पोचलीस का?" उत्तर ठरलेलं: "डॅड, आय अ‍ॅम फाइन. बाय."

तिसरी परीक्षा ऑगस्टमध्ये होती. "गुडघे यंदापुरतेच आहेत," काका म्हणाले. "या वेळी नाही झालं तर बूट कोणाला तरी देऊन टाकीन." आदल्या आठवड्यात ते मला घेऊन रुआपेहूच्या बर्फाळ डोंगरावर गेले. हुकूम झाला, "तू पड. मी येणार नाही."

पडायला मला वेगळं शिकावं लागलं नाही. पहिल्यांदा पडलो, काका हजर. दुसऱ्यांदा पडलो, हजर. तिसऱ्यांदा त्यांनी काखेत हात घातला तेव्हा मी वैतागून म्हणालो, "काका, असं काय करता? पुन्हा नापास व्हायचंय का?"

ते माझ्या शेजारी बर्फातच बसले.

"सई आठ वर्षांची होती. शाळेची सहल इथेच आली होती, मी मदतीला. ती तिथं वर पडली. आणखी दोघं-चौघं पडले होते. त्यांचे बाप सुळकन घसरत आपापल्या पोरापाशी गेले. मला कुठे येत होतं? रबरी बूट घालून चढत गेलो. मांडीपर्यंत बर्फ. पोचलो तर तिथं कोणीच नाही. ती केव्हाच उठून गेली होती, बापा." खिशात वडी चाचपत ते म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात मी क्लास लावला."

 सुचलं ते मी बोलून गेलो. "पण काका, ती उठली ना? आपली आपण."

काकांनी वर, सई पडली होती त्या जागेकडे पाहिलं. मग उतारावरून खाली गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. चौथ्यांदा मी चांगलाच आपटलो. त्यांनी मान वळवली नाही. धडपडत उठून मी त्यांच्यापाशी पोचलो, तेव्हा त्यांच्या दोन्ही काठ्या बर्फात मुठीपर्यंत रुतल्या होत्या.

काका पास झाले. पुढच्या रविवारी सई आली, दाखला दोनदा वाचला, "सो प्राउड ऑफ यू, डॅड" म्हणाली आणि जेवून निघाली. काका फोन हातात घेऊन गेटपाशी उभे राहिले. एक तास झाला, दोन झाले. बोट नंबरापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी चहा नेऊन दिला, तो गार झाला.

शेवटी फोन वाजला.

"बाबा, फोन का नाही केलास?" सई मराठीत विचारत होती, आवाज घाबरलेला. "पडलास का कुठे?"

"नाही गं," काका म्हणाले. "उभा आहे."

खरंच उभे होते. दुपारपासून, गेटपाशी, स्की-बूट घालून.