एपिब्लास्ट आणि अर्धलीची कोंबडी

देवमन सर रिसोडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, पण हंगामी म्हणून. यंदा विद्यापीठाचे तपासनीस येणार, प्रात्यक्षिक नीट झालं तरच नोकरी कायम, नाही तर घरी बसा, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. घरातले पहिलेच पदवीधर; घरी बसायचं तर कोणत्या तोंडानं? प्रात्यक्षिक होतं कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचं. अंडी उबवायचं यंत्र कॉलेजात होतं, पण वीज लहरी, त्यामुळे आत ठेवलेली अंडी उबायच्या ऐवजी नासायची.

मग सर रिठदला गोजरा आत्याकडे गेले. तिची एक कोंबडी नुकतीच खुडूक बसली होती. आत्यानं ती अंड्यांसकट दिली, पण अर्धलीनं. म्हणजे पिलं निघाली की निम्मी आत्याची, निम्मी सांभाळणाऱ्याची. अंडी फोडायची आहेत हे काही सर बोलले नाहीत. आपल्याच वाट्याची फोडू, असं ठरवून त्यांनी निम्म्या अंड्यांवर खडूनं फुल्या मारल्या आणि कोंबडी प्रयोगशाळेच्या कपाटात बसवली.

तपासनीस आले. सरांनी फुलीचं अंडं फोडलं, गर्भ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि ऐटीत म्हणाले, "हा बाहेरचा थर. एपिब्लास्ट."

तपासनिसांनी मान वर केली. या थराचं हे नाव कधीच मोडीत निघालं, आता एक्टोडर्म म्हणतात, तुम्ही वाचता तरी कोणतं पुस्तक, असं त्यांनी थंडपणे विचारलं. सरांचं पुस्तक अकोल्याच्या जुन्या बाजारातलं, इंग्रजांच्या काळात छापलेलं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. विद्यार्थी खाली बघू लागले, कारण त्यांनीही तेच नाव घोकलं होतं.

निदान दुसरा गर्भ तरी दाखवू म्हणून सरांनी कपाटात हात घातला, तर कोंबडीनं अंडी उलटीपालटी करून उरलेल्या सगळ्या फुल्या पुसून टाकलेल्या. आता आपलं कोणतं आणि आत्याचं कोणतं? तेवढ्यात दारात खुद्द आत्याच उभी. बाजाराला आली होती, कोंबडी बघून जाऊ म्हणून वाट वाकडी केली होती. टेबलावरची टरफलं लगेच तिच्या नजरेत भरली.

"काहून फोडलं रे?"

सर चाचरले. गर्भाच्या बाहेरच्या थरापासूनच पुढं कातडी होते आणि मेंदूही होतो, तो थर पाहायचा होता, असं काहीबाही सांगू लागले.

"म्हनूनच तुही अक्कल वरवरची राह्यली," आत्या म्हणाली आणि कोंबडी, अंडी टोपलीत घालून चालती झाली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं.

काही दिवसांनी तपासनिसांचा अहवाल आला. प्राध्यापकांचं ज्ञान जुनाट आहे. मात्र इतका ताजा, नेमक्या वयाचा गर्भ अंडी उबवायच्या यंत्रातूनही कधी पाहायला मिळाला नव्हता, सबब उबवणीची ही व्यवस्था कायम करण्यात यावी. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला आणि जीप काढून थेट रिठद गाठलं.

आत्यानं त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं.

"कोंबडी नेजा," ती म्हणाली. "पन अर्धल माही देवमनसंगं हाये, तुमच्या कॉलेजासंगं नाही. तो तिथून निघाला, तं कोंबडीबी निघन."

पुढच्या महिन्यात देवमन सर कायम झाले. कोणी विचारलंच तर ते सांगतात, गुणवत्तेवर. कोणाच्या, ते सांगत नाहीत.