शेंदूर लावलेले ओंडके

"तुमची करवत चांगली आहे, शेटजी. ओंडके लावायची पद्धत चुकीची आहे. आठवड्यात दुप्पट माल काढून दाखवतो!" असं श्रीकांतनं मोतीलाल शेटना सुनावलं होतं. बी.एस्सी. ताजी होती. बुऱ्हाणपूरच्या त्या वाफेवरच्या करवत गिरणीत शेटनी त्याला बोलीवर ठेवलं होतं. जमलं तर नोकरी, नाहीतर घर.

योजना सोपी होती. चांदनीच्या जंगलातले सागाचे ओंडके जाडीप्रमाणे रचायचे आणि सारखे ओंडके एकामागून एक करवतीला द्यायचे. मग दर ओंडक्याला करवत नव्यानं लावायला नको! गाठाळ, पोकळ माल शेवटी. त्याची खूण म्हणून श्रीकांतनं इंजिनाच्या खोलीतला, नळ्यांचे सांधे बुजवायचा लाल रंग तेलात कालवला आणि त्या ओंडक्यांच्या तोंडाला गोल टिळे लावले. त्याच्या पुस्तकात ते शिशाचं ऑक्साइड होतं. बाजारात त्यालाच शेंदूर म्हणत.

सकाळी तापीवरचं धुकं आवारात येऊन बसलं होतं. इंजिन धापा टाकत होतं, करवत मात्र गप्प. मजूर वहाणा काढून लांब उभे. टिळेवाल्या ओंडक्यांपुढे उदबत्त्या.

"कडूदादा, काम का थांबलं?"

करवतीवरचा कडू हात जोडून म्हणाला, "साहेब, देव कसा कापू?"

"देव नाही हो, खूण आहे! लाल म्हणजे शेवटी कापायचा!"

भुसा झाडणारी गोदाबाई किंचाळली, "अगं माय! म्हंजे देवाले सोडनार नहीच, फक्त शेवटी कापनार!"

श्रीकांतनं शांतपणे विचार केला. सगळेच ओंडके लाल केले तर लाल रंग कशाचीच खूण राहणार नाही. तर्कात कुठे चूक नव्हती. त्यानं डबा घेतला आणि आवारातला एकूण एक ओंडका रंगवला.

आता कापायला एकही ओंडका उरला नाही!

"एवढे देव तर आख्ख्या इतवारा पेठेत नहीत," गोदाबाई कुजबुजली आणि नारळ आणायला धावली.

तेवढ्यात शेट आले. "रेल्वेचा माल आज जायचाय! श्रीकांतराव, तुम्ही स्वतः एक कापा. नाहीतर आजच्याच गाडीनं घरी!"

श्रीकांतनं पहारीनं एक ओंडका करवतीच्या गाड्यावर लोटला. करवत फिरू लागली, गाडा सरकला. पातं लाकडाला टेकणार, इतक्यात ओंडक्यानं सुस्कारा सोडला.

"पोकळ आहे," श्रीकांत घाईनं म्हणाला. "इंजिनाच्या हादऱ्यानं आतली हवा घुमते. इंजिन बंद करा, आवाज थांबेल."

इंजिन थांबलं. पट्टा थांबला. धुक्यात पानसुद्धा हलत नव्हतं.

"हंऽऽऽ," गाड्यावरचा ओंडका म्हणाला.

रांगेतल्या पहिल्या ओंडक्यानं ओ दिली. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. बारीक ओंडके बारीक आवाजात, जाडे जाड्या आवाजात. आवाज धुक्यातून एकेक रांग ओलांडत लांब गेला आणि परत यायला लागला.

"साहेब," कडू हळूच म्हणाला, "रांगा मात्र एकदम बराबर लावल्या तुम्ही."

श्रीकांतनं पहार अलगद, आवाज न करता खाली ठेवली.

"शेटजी, भुसावळची गाडी किती वाजता आहे?"

शेटची नजर धुक्यातून हलेना.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मीपण येतो."