राणीच्या तोंडाला दही

त्या मंगळवारी हेस्टरचे बाबा, ऍम्ब्रोज, शिडीवर चढून दगडी राणीच्या तोंडाला दही फासत होते आणि हेस्टर खाली शिडी धरून उभी होती.

खिडकीवरच्या दगडी पट्टीच्या दोन टोकांना दोन मुंडकी होती, राजा आणि राणी. चारशे वर्षं पाऊस झेललेली. महिन्यापूर्वी पन्हाळीतलं घरटं काढताना शिडी घसरली आणि राणीचं नाक उडालं. घर जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं. खिळासुद्धा विचारल्याशिवाय बदलायचा नाही.

"अर्ज करा, बाबा."

"अर्जाला वर्ष लागेल. नाकाला दोन तास."

नवं नाक बसवलं, तर जुनी हनुवटी शोभेना. हनुवटी केली, तर गाल रुसले. शेवटी निवृत्त पाथरवट असलेल्या बाबांनी अख्खी राणीच नवी घडवली. आता तिच्यावर शेवाळ धरून ती जुनी दिसावी म्हणून हे दही.

"कशी दिसते?" वरून प्रश्न आला.

"बटाट्यासारखी."

"म्हणजे तुझ्या आत्यावर गेली! जा, चहा टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

वर्षभराने कौन्सिलच्या लिडगेटबाई तपासणीला आल्या. उतरत्या उन्हात अख्खं घर मधाच्या रंगाचं झालं होतं. दोन हात जाडीच्या भिंती, ओकच्या खुंट्यांवर टांगलेली दगडी कौलं, सगळ्यांवरून फिरत बाईंची नजर राणीवर आली आणि थबकली.

"अहाहा! डोळ्याखाली बघा. छिन्नी तिथेच थांबलीय. राणीला रडू येत होतं, पण तिने आवरलं. असा हात आता कुठे?"

हेस्टरने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"आणि हा राजा!" बाई कडाडल्या. "कुणा अडाण्याची अलीकडची नक्कल! उतरवा आधी."

बाबांनी हे ऐकलं असतं, तर बाईंनाच शिडीवर चढवलं असतं. गप्प राहावं, तर बाबांची राणी वाचत होती. पण चारशे वर्षांचा राजा हकनाक बेघर होत होता.

"राजा खरा आहे," हेस्टर म्हणाली. "राणी माझ्या बाबांनी केलीय. गेल्या वर्षी. न विचारता."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा राणीकडे पाहिलं.

"मग ती उतरवावी लागेल. कल्पना आहे ना?"

"आहे."

"कुठे आहेत ते? मला भेटायचंय त्यांना."

"ते गेले."

बाईंनी वही मिटली. हेस्टर राणीकडे मान वर करून शेजारीपाजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "सुंदर झालीय, बाबा. फार सुंदर झालीय."