उतेकरांचा बोडका नारळ

फेब्रुवारीतला एक सोमवार. मुद्देमाल: शेंडीसकट एक नारळ. हजर: न्यूझीलंडच्या विमानतळावरच्या तपासणी अधिकारी बाई, आमचे शेजारी सखाराम उतेकर आणि मी. बाईंनी नारळ हातमोज्यांत धरून सगळीकडून पाहिला, मान हलवली आणि बाजूच्या डब्यात टाकला. नारळाची नोंद मी फॉर्मवर आधीच केली होती, म्हणून दंड झाला नाही. नियम होता, तो त्यांनी पाळला. उतेकर डब्याकडे बघतच राहिले आणि मला म्हणाले, "भाऊ, बाईंना इचारा, ही हद्द कोनाची?"

मी विचारलं नाही. मागे मोठी रांग होती.

"हद्द कोनाची?" हा उतेकरांचा कुठेही पाऊल टाकताना विचारायचा प्रश्न. प्रत्येक गावाला, रानाला, घाटाला एक राखणदार असतो, तो दिसत नाही, आणि त्याच्या हद्दीत शिरताना त्याला सांगावं लागतं, असं ते मानतात. जन्म उमरठचा, नोकरी सगळी एसटीची, महाडहून गाडी काढायची. वरंध घाटात जिथे वळणही नाही आणि समोरून गाडीही नाही, अशा ठिकाणी ते हॉर्न वाजवत. कंडक्टर वैतागायचे. उतेकर म्हणायचे, "सांगून ठेवलेलं बरं."

निवृत्तीनंतर ते महाडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आल्या दिवशी त्यांनी लिफ्टसमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्या आवाजात केलेली विनंती. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक वाक्यानंतर दुसऱ्या कुणीतरी "होय" म्हणावं लागतं. पूर्वी हे काम त्यांच्या पत्नी करत. त्या गेल्यापासून मी करतो, कारण माझं दार समोर आहे. इन्व्हर्टरला, नव्या चष्म्याला आणि एकदा गॅसच्या शेगडीलाही मी "होय" म्हटलेलं आहे. माझा स्वतःचा विश्वास किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्यांची एकुलती मुलगी वैशाली न्यूझीलंडला एका वृद्धाश्रमात नर्स आहे. लग्न करून गेली, लग्न मोडलं, ती तिथेच राहिली. दिवाळीत उमरठची भावकी जमली आणि ठरलं की बापाने जाऊन पोरीला घेऊन यावं. उतेकरांना इंग्रजी येत नाही, म्हणून सोबत मी. माझं तिकीट माझं मी काढलं, हे नोंदवून ठेवतो.

वैशाली राहते तो भाग समुद्राकाठचा. एका बाजूला निळी खाडी, दुसऱ्या बाजूला रानाने भरलेले डोंगर, आणि मधल्या उतारांवर द्राक्षांचे मळे. लोक लांबून वाइन चाखायला येतात. वैशाली गाडी चालवायची, मी नकाशा बघायचो आणि मागच्या सीटवर उतेकर प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबायचे.

"बाबा, मला येते गाडी."

"तुला येते गो. ह्या वळनाला म्हाईत हाय का, तू कोनाची?"

परत चलण्याबद्दल ते अवाक्षर काढत नव्हते. मी रोज वाट बघायचो. दोघं बाप-लेक भाताबद्दल बोलायचे, पाचाडच्या कुठल्याशा हॉटेलातल्या भाकरीबद्दल बोलायचे. मुद्दा तिथेच राहायचा.

पहिल्या मळ्यात म्हातारा मालक स्वतः पेले भरत होता. चव घ्यायची आणि नको असेल तर उरलेली वाइन समोरच्या बादलीत ओतायची, अशी तिथली पद्धत. उतेकर दारूला शिवत नाहीत. ते बादलीकडे टक लावून बघत होते. "येवढी चांगली वस्तू बादलीत? आमच्याकडं शेताच्या कोपऱ्यावर राखणदाराला बाटली देतात. ह्याला इचारा, ह्याचा राखणदार कोन?"

वैशालीने हसत विचारलं. मालकाने कुंपण दाखवलं आणि खांबावरचा कॅमेरा दाखवला.

"कॅमेऱ्याला नारळ कसा फोडू?" उतेकर म्हणाले.

संध्याकाळी ते नारळ शोधायला निघाले. सुपरमार्केटात मिळाला, पण कुठल्याशा बेटावरून आलेला, तासून गुळगुळीत केलेला, शेंडीचा मागमूस नाही. उतेकरांनी तो हातात फिरवला. "बोडका हाय. असला नारळ घेऊन कोनासमोर उभा ऱ्हाऊ?" तरी घेतला.

निघायच्या आदल्या सकाळी मी चहा घेऊन बाहेर आलो, तर उतेकर वैशालीच्या दाराशी मांडी घालून बसले होते. पुढ्यात काथ्याचं पायपुसणं. त्यातून ते एकेक धागा उपसत होते आणि रबरबँडने नारळाला शेंडी बांधत होते.

"उतेकर, अहो, पायपुसण्याचा काथ्या देवाला?"

"कोरं हाय, भाऊ. हात लावून बघा."

मी हात लावला. काथ्या टोकदार होता, नवा असतो तसा.

"दोन वर्सं हितं पडलंय म्हनते. कोनी पाय पुसलाच नाय त्याला. हिच्याकडं येतंय कोन?"

मी चहा तिथेच ठेवला.

दुपारी पुन्हा त्याच मळ्यात गेलो. मालकाने लाल वाइन भरली. उतेकरांनी पेला उचलला, पिशवीतला नारळ काखेत धरला आणि मळ्याच्या वरच्या टोकाला, जिथे वेली संपून रान सुरू होतं, तिकडे चालू लागले. मालकाची परवानगी मी खुणेने काढली. वैशाली पेल्यांचे पैसे द्यायला आत थांबली होती. मी उतेकरांच्या मागे गेलो, "होय" म्हणायला.

त्यांनी चपला काढल्या. शेवटच्या वेलीशी नारळ ठेवला, शेंडी वर करून. मग घाटातल्या आवाजात सुरू केलं.

"बा राखणदारा, तुझं नाव ठाऊक नाय, रागावू नको!"

"होय," मी म्हणालो.

"नारळ बोडका हाय, शेंडी उसनी हाय, गोड मानून घे!"

"होय."

"मी उमरठचा सखाराम. पोरीला परत न्यायला आलो होतो!"

"होय."

मग ते थांबले. नाक ओढलं. "तिचं मन हितं लागलंय. तिला हितंच ऱ्हायचं हाय."

हे मला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीला मी होय म्हणत नाही. गाऱ्हाणं तसंच अडकून राहिलं. उतेकर वळले नाहीत, पाठमोरेच उभे राहिले.

"होय," मागून वैशाली म्हणाली.

ती कधी आली, कळलं नव्हतं. तिने सँडल काढून हातात घेतल्या होत्या.

उतेकरांनी पेला वेलीच्या बुंध्याशी रिता केला. आवाज मघाएवढा मोठा राहिला नव्हता. "तर मग ही आता तुझ्या हद्दीत हाय. हिला जप. हिच्या दारातलं पायपुसणं झिजू दे."

"होय," वैशाली म्हणाली. मग मीही म्हणालो.

भावकीला काय सांगायचं, ते उतेकरांनी विमानात ठरवलं: "हद्द चांगली हाय."

आता दर रविवारी सकाळी ते माझ्याकडे फोन घेऊन येतात, कारण व्हिडिओ कॉल मीच लावून देतो. वैशाली दिसली की पहिलं वाक्य, "खाली धर गो." ती फोन दाराशी नेते. उतेकर चष्मा सारखा करून पायपुसणं तपासतात. बरेच रविवार त्यांनी नुसतीच मान हलवली.

गणपतीनंतरच्या एका रविवारी ते ओरडले, "थांब, थांब! हे काय?"

"चिखल, बाबा. काल कामावरच्या सहा जणी जेवायला आल्या होत्या. पाऊस होता."

"धुवू नको," उतेकर म्हणाले.

त्याच दुपारी आम्ही एसटीने पोलादपूरला गेलो आणि तिथून उमरठला. गावच्या हद्दीवरच्या दगडाशी उतेकरांनी नारळ फोडला. लांब शेंडीचा, महाडच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेला. गावच्या राखणदाराला म्हणाले, "हा तुझा नाय. तिकडच्याचा हाय. हद्दीहद्दीनं त्याला पोचव."

"होय," मी म्हणालो.