तिरक्या खाचेचा स्क्रू

बाबाराव काकाजींपुढे तुम्ही हात जोडून उभे राहिलात, तरी ते आधी तुमच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू बघतात. पटला, तर बसा म्हणतात.

काकाजी आमचे शेजारी. नागपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करता करता त्यांचे केस पांढरे झाले. रिटायर झाल्यावर जुन्या दुर्बिणी, होकायंत्रं, सूक्ष्मदर्शकं खरी की बनावट हे सांगायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. लोक हौसेनं पितळी वस्तू घेऊन येतात आणि तोंड पाडून घरी जातात.

माझा मेहुणा कळमेश्वरहून दुर्बीण घेऊन आला. कोण्या इंग्रज कप्तानाची, म्हणाला. काकाजींनी तिच्यातून बघितलंच नाही. खिशातलं भिंग काढून तिचा स्क्रू तेवढा बघितला.

"डुप्लिकेट हाय गा."

"काहून जी?" मी विचारलं.

"खाच पाह्य. बरोबर मधोमध. जुन्या कारागिराची खाच केसभर तिरकी राहते. माणसाच्या हातून इतकं सरळ काही होत नाही."

मेहुण्यानं चहाला हात लावला नाही. त्याच्या वाटचा काकाजींनी घेतला.

पण या सत्यवचनाचा खरा फटका बसला तो त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना. काकाजी रिटायर झाले त्या दिवशी काकूंनी राजस्थानच्या सहलीतून लपवून आणलेलं होकायंत्र चार लोकांत त्यांच्या हातावर ठेवलं. काकाजींनी भिंग काढलं.

"डुप्लिकेट हाय वं."

काकूंना कमी ऐकू यायचं. म्हणून काकाजींनी तेच पुन्हा ओरडून सांगितलं. मी हातातला पेढा परत ताटात ठेवला.

"असू द्या जी," काकू म्हणाल्या, "दिशा तं बरोबर दाखवते नं?" आणि पदरानं पुसून त्यांनी ते तांदळाच्या डब्यावर ठेवून दिलं.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. परवा सकाळी मी काकाजींना तर्री-पोहे द्यायला गेलो, तर ते काकूंच्या फोटोखाली मांडी घालून बसलेले. समोर तेच होकायंत्र. त्याचे मूळचे आठही स्क्रू काढून टाकलेले, सात जागी हातानं केलेले नवे बसवलेले, आणि आठव्याला ते कानशीनं खाच पाडत होते. केसभर तिरकी. बनावट माल करणाऱ्या ज्या लबाडांना जन्मभर शिव्या घातल्या, त्यांचंच काम हा माणूस मन लावून करत होता.

"काकाजी, हे काय करून राहिले?"

शेवटचा स्क्रू आवळून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"पाह्य बरं. आता कोणी डुप्लिकेट म्हणन काय?"

काच नवी होती. तबकडी छापील होती. त्यांच्या शेजारी राहून एवढं मलाही कळायला लागलंय.

"अस्सल हाय, काकाजी," मी हळूच म्हणालो.

"जोरानं बोल गा," ते म्हणाले, "तिले कमी ऐकू येते."