तीन लाथांची मुभा

सावरटेकच्या बुधवारच्या जनावरांच्या बाजारात, म्हशींची रांग संपली की लिंबाच्या झाडाखाली प्रोग्रामरांची स्पेशलायझेशनं दाव्याला बांधलेली असतात.

केतकी गुरसाळे तिथे आली ती आप्पामामांना घेऊन. सहा महिन्यांचा कोर्स झाला होता, नोकरीही लागली होती. पण सोमवारी दहा वाजता स्वतःचं स्पेशलायझेशन घेऊन हजर व्हावं, नपेक्षा नेमणूक रद्द, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मामांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे. जनावरांतलं मात्र सगळं कळे, आणि आज तेच कामाचं होतं.

बाजार समितीचे कारकून टिपरे टेबल टाकून बसले होते.

"याआधी कोणतं सांभाळलंय?"

"एकही नाही. कोर्समध्ये सगळ्यांचे फोटो दाखवले होते."

"फोटो लाथ मारत नाही, बाई. नवख्या माणसाला तीन लाथांची मुभा आहे. तेवढ्यात जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या बुधवारी या."

पुढचा बुधवार सोमवारनंतर येत होता.

केतकी आधी फ्रंटएंडकडे गेली. वेबसाइटचं रूप सांभाळणारं ते. शिंगांना सात रंग, गळ्यात घुंगरं. मामांनी शिंगावरून बोट फिरवलं तर रंग बोटाला आला. "हे दर महिन्याला नवा रंग मागणार," असं ते म्हणेपर्यंत पहिली लाथ बसली. "जाऊ दे," म्हणून केतकी पुढे निघाली.

एआयभोवती इतकी गर्दी की शेपूट दिसेना. मामांनी आत घुसून जबडा उघडला. "दुधाचे दात आहेत. मोठेपणी बैल होईल का बोकड, त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही." एआयनं लाथ मारली नाही. "तुमचं अगदी बरोबर आहे," असं नम्रपणे म्हणून ते केतकीच्या पायावर उभं राहिलं. टिपऱ्यांनी ती लाथच धरली.

"एकच उरली, केतके. आता बेतानं."

कोपऱ्यात डेटाबेस उभी होती. काळीभोर, अवाढव्य, साऱ्या तालुक्याची नावं, पत्ते आणि जन्मतारखा पोटात घेऊन रवंथ करत. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. केतकीनं पाठीवर हात ठेवला मात्र, लाथेसरशी ती थेट कडब्यात जाऊन पडली.

मामा उचलायला धावले. केतकी उठली ती विचारतच.

"मामा, आत्ताच का मारली हिनं? मी डावीकडून गेले म्हणून?"

"तीन झाल्या. चल घरी."

"थांबा हो. उजवीकडून बघते."

कपड्यांवरचा कडबाही न झटकता ती वळसा घालून गेली. डेटाबेसनं मान वळवली, तिचा हात हुंगला आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

टिपऱ्यांनी पावती फाडली.

"मुभा तर संपली होती ना?" मामांनी विचारलं. घरचं माणूस असलं तरी नियम म्हणजे नियम.

"मुभा नवख्यांना असते. तिसरी लाथ खाऊन जो परत त्याच जनावराकडे जातो, त्याला नवखा धरत नाहीत."

सोमवारी दहाला पाच कमी असताना केतकीनं तिसऱ्या मजल्यावर आपल्या टेबलाच्या पायाला दावं बांधलं. शेजारच्या, बावीस वर्षं नोकरी झालेल्या हुल्याळकर साहेबांनी खुर्ची जरा मागे घेतली.

"चावते का हो?"

"नाही सर. फक्त डावीकडून येऊ नका."